ऑथेंटिकेटेड प्रॉक्सी आणि कस्टम हेडर

नाव व पासवर्ड दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ न देणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरमार्फत वेब-रिक्वेस्ट पाठवताना तिला स्वतः ठरवलेले हेडर जोडण्याची पद्धत. प्रॉक्सी म्हणजे आपला संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ. नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या आयटी कचेऱ्यांत नव्या प्रोग्रामरची तिच्याशी गाठ लवकरच पडते. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट ऑफिसात आली की ‘४०७’ हा आकडा दाखवून थांबते.

हेडर म्हणजे रिक्वेस्टच्या मजकुराआधी येणाऱ्या ‘नाव : मूल्य’ अशा ओळी. एचटीटीपी ही वेबवरच्या देवाणघेवाणीची नियमावली; १९९१ च्या तिच्या मूळ रूपात त्या नव्हत्याच; १९९६ च्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात त्या रीतसर नोंदल्या गेल्या. ठरलेल्या नावांखेरीज कोणीही स्वतः ठरवलेल्या नावाचा हेडर घालू शकतो. अशा नावांआधी ‘एक्स-’ लावायची प्रथा २०१२ च्या आरएफसी ६६४८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ने मोडीत काढली. सवय मात्र अजून गेलेली नाही.

हेडर लिहिणे सोपे असते. तो नेमका कोणी वाचायचा, इथे माणसे अडखळतात. एमआयडीसीतल्या गाळ्यावर माल पोचवायचा तर गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहावे लागते आणि चलन आत स्टोअरवाल्याच्या हातात द्यावे लागते. चलन वॉचमनकडेच ठेवून आत गेलेल्याचा माल कोणी उतरवून घेत नाही. ‘प्रॉक्सी-ऑथरायझेशन’ हा हेडर म्हणजे वहीतली नोंद, तर साधा ‘ऑथरायझेशन’ म्हणजे चलन. प्रॉक्सीला ओळख पटली नाही तर ४०७ येतो, पलीकडच्या सर्व्हरला पटली नाही तर ४०१. हा आकडा न पाहताच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसण्यात कित्येकांच्या दुपारी गेल्या आहेत.

साध्या एचटीटीपीत सगळे हेडर एकाच रिक्वेस्टमधून जातात. प्रॉक्सी ते वाचतो, स्वतःच्या नावचा काढून घेतो आणि बाकीचे पुढे धाडतो. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे एचटीटीपीच्या कुलूपबंद रूपात, दोन टप्पे पडतात. क्लायंट आधी ‘कनेक्ट’ ही वेगळी रिक्वेस्ट करून अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टपर्यंत (एचटीटीपीएसच्या ठरलेल्या दारापर्यंत) वाट मागतो. प्रॉक्सीची ओळखपत्रे (नाव व पासवर्ड) याच रिक्वेस्टसोबत द्यायची असतात. प्रॉक्सीने २००, म्हणजे ‘ठीक’, म्हटले की बोगदा तयार होतो आणि खरी रिक्वेस्ट त्यातून कुलूपबंद जाते. त्यामुळे एपीआयची (प्रोग्रामने वापरायच्या सेवेची) किल्ली किंवा ट्रॅकिंग क्रमांक असे कस्टम हेडर प्रॉक्सीला दिसत नाहीत. उलट, प्रॉक्सीसाठीचा हेडर चुकून आतल्या रिक्वेस्टला जोडला, तर प्रॉक्सी अडवतो तो अडवतोच. काही कंपन्या लॅपटॉपवर आपले रूट सर्टिफिकेट (लॅपटॉपने ज्यावर विश्वास ठेवावा असे मूळ प्रमाणपत्र) बसवून हा बोगदा मध्येच उघडतात. तिथे प्रॉक्सी सगळेच वाचतो.

यासाठी ‘कर्ल’ या कमांड देऊन रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन वेगळे पर्याय आहेत : सर्व्हरसाठी ‘हेडर’ आणि प्रॉक्सीसाठी ‘प्रॉक्सी-हेडर’. दुसरा २०१४ च्या ७.३७.० आवृत्तीत आला. तरीही वेगळे काही सांगितले नाही तर सर्व्हरसाठीचे हेडर प्रॉक्सीलाही जात असत. एप्रिल २०१५ मध्ये ७.४२.१ ने ही गळती बंद केली. पायथॉन भाषेच्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीत उलटी गळती सापडली. रिक्वेस्ट एचटीटीपीएसच्या पत्त्यावर रीडायरेक्ट झाली (वळवली गेली) की प्रॉक्सीची ओळखपत्रे थेट पलीकडच्या सर्व्हरला पोचू शकत. मे २०२३ मधल्या २.३१.० आवृत्तीत ते दुरुस्त झाले.

‘बेसिक’ पद्धतीत नाव आणि पासवर्ड मध्ये ‘:’ हे चिन्ह (कोलन) घालून जोडतात आणि बेस-६४ मध्ये लिहितात. हे कुलूप नव्हे, नुसते लिपी बदलणे. कोणालाही उलटे वाचता येते. आरएफसी ७६१७ मधल्या उदाहरणात वापरकर्ता अलादीन आहे आणि पासवर्ड ‘ओपन सेसमी’, म्हणजे आपले ‘तिळा तिळा दार उघड’. मंत्र अलीबाबाचा, तोंड अलादीनचे! १९९९ च्या जुन्या आवृत्तीतही हीच जोडी होती. या उघडेपणामुळेच जावाने ऑक्टोबर २०१६ च्या ८यू१११ पासून बोगद्यासाठी ‘बेसिक’ मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवले. पासवर्ड बरोबर असूनही जुना जावा प्रोग्राम अपडेटनंतर ४०७ देऊ लागला, तर आधी ती सेटिंग पाहावी. विंडोज डोमेनच्या (कंपनीतल्या विंडोज संगणकांच्या एकत्र जाळ्याच्या) ‘एनटीएलएम’ पद्धतीत सवाल-जवाब होतात, म्हणून एक ओळ हाताने लिहून भागत नाही. ज्या प्रोग्रामला ही पद्धत येत नाही, त्याच्यासाठी ‘सीएनटीएलएम’सारखा मध्यस्थ आपल्याच संगणकावर चालवावा लागतो.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ‘प्रॉक्सी-’ने सुरू होणारे हेडर लावताच येत नाहीत, तिथे ओळख देण्याचे काम ब्राउझर स्वतः करतो.

सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात जास्त छळणारी अडचण पासवर्डातल्या चिन्हाची. प्रॉक्सीचा पत्ता एकाच ओळीत लिहिताना ओळखपत्रे आणि सर्व्हरचे नाव यांच्या मध्ये @ येतो. पासवर्डच ‘वाशी@२०२४’ असा असला की सर्व्हरचे नाव कुठून सुरू होते हे काही प्रोग्रामना कळत नाही. अशा वेळी पासवर्डातला @ काढून तिथे टक्क्याची खूण आणि पुढे चार व शून्य हे इंग्रजी आकडे लिहावेत. हीच ओळ बहुधा ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळ्या प्रोग्रामना वाचता येणाऱ्या सेटिंगमध्ये) कायमची ठेवलेली असते. पासवर्ड बदलल्यावर ती बदलायची राहिली, तर रात्री आपोआप चालणारे जॉब जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतात आणि सकाळी ऑफिसात येईपर्यंत खातेच लॉक झालेले असते.