ज्येष्ठांचे निःशुल्क वर्गश्रवण

विद्यापीठात रीतसर प्रवेश न घेता, शिक्षणशुल्क न भरता आणि परीक्षेला न बसता ज्येष्ठ नागरिकांनी नियमित वर्गात बसून शिकण्याची पद्धत. असा श्रोता इतर विद्यार्थ्यांच्याच बाकावर बसून तेच व्याख्यान ऐकतो. मात्र त्याला हॉल तिकीट मिळत नाही आणि शेवटी मार्क मेमोही नाही.

ही सोय अमेरिकेत चांगली रुजली आहे. केंटकी विद्यापीठाने ६५ वर्षांवरील लोकांसाठी ती १९६४ मध्ये सुरू केली. ओहायोत तर कायदाच आहे. राज्याचा रहिवासी असलेल्या साठीपुढच्या माणसाला सरकारी विद्यापीठाने वर्गात बसू द्यायचे, पण तीन अटींवर: श्रेयांक मिळणार नाहीत, वर्गात जागा शिल्लक हवी आणि शिकवणाऱ्याची संमती हवी. माफी शिक्षणशुल्काची असते; पुस्तके आणि प्रयोगशाळेचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा. बाक एरवी रिकामाच राहणार असल्याने विद्यापीठाला हे महागात पडत नाही. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये निघालेल्या ‘तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा’त ज्येष्ठांसाठी वेगळे कार्यक्रम आखले जात. वर्गश्रवणात मात्र साठीचा माणूस विशीतल्या मुलांबरोबर बसतो, आणि या पद्धतीची खरी गंमत तीच आहे.

महाराष्ट्रात ज्येष्ठांना असा कायदेशीर हक्क नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्ताराची तरतूद आहे, पण नेहमीच्या वर्गाचा रस्ता प्रवेश अर्जावरूनच जातो. मराठवाड्यात तो अर्ज भरणे ज्येष्ठांना जड जाते. टीसी कुठल्या ट्रंकेत आहे ते आठवत नाही, आणि मधल्या वर्षांचा हिशेब देणाऱ्या गॅप सर्टिफिकेटसाठी तहसीलपाशी ॲफिडेव्हिट करावे लागते. पन्नास वर्षांच्या गॅपचे कारण काय लिहायचे? १९७२ च्या दुष्काळात शाळा सुटली आणि खडी फोडायच्या कामावर गेले, अशी मुले-मुली इथे गावोगाव होती. ती आता साठी-सत्तरीत आहेत. पदवी द्यायचीच नसेल तर जुन्या गुणपत्रिकेचा आग्रहही धरायला नको. म्हणून या पिढीला पदवीच्या सवलतीपेक्षा नुसते बसू देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

सध्या जवळपास जाणाऱ्या वाटा दोन-तीन आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आहेत. तिथे वयाची अडचण नाही, पण शुल्क आहे आणि परीक्षाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर २०१७ पासून व्याख्याने फुकट ऐकता येतात, पैसे प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते, पण व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत, आणि शेजारी बसायला कुणी नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात १८ मे रोजी खरीप आणि १७ सप्टेंबरला रब्बी पीक परिसंवाद भरतो. टोपी-धोतरातले शेतकरी शास्त्रज्ञाला उभे राहून बोंडअळीवर प्रश्न विचारतात आणि दाखला न मागता घरी जातात. वृत्ती हीच, फक्त कार्यक्रम एका दिवसाचा.

येण्याजाण्याचा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढे २०२२ पासून प्रवास मोफत. नांदेडचे विद्यापीठ शहराबाहेर विष्णुपुरीला आहे, तेव्हा ही सवलत छोटी नव्हे. राहिला प्रश्न कोणत्या वर्गाचा. प्रयोगशाळेच्या विषयांत श्रोता अडगळ होईल; मराठी, इतिहास, पाली, राज्यशास्त्र इथे तो सहज सामावेल.

इतिहासाच्या वर्गात तर गोष्ट उलटू शकते. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे मोर्चे, जाळपोळ आणि तुरुंग पाहिलेली माणसे आज ज्येष्ठ नागरिक आहेत. नामांतरावरचे व्याख्यान ऐकायला असा एखादा मागच्या बाकावर बसला, तर ‘सर, त्या दिवशी मी तिथेच होतो’ म्हणून तो हात वर करणारच. काही प्राध्यापकांना हे पर्वणीसारखे वाटेल, काहींना अभ्यासक्रम वेळेत संपवायची काळजी पडेल. ओहायोच्या कायद्यातली तिसरी अट, शिकवणाऱ्याच्या संमतीची, इथे आणली तर तिचा कस अशाच तासाला लागेल.