सोनोग्राफीत दिसणारे बाळाच्या मेंदूचे आणि हातापायांचे दुर्मिळ दोष

पोटातल्या बाळाचा मेंदू किंवा हातपाय नीट घडले नाहीयेत हे जन्माआधी सोनोग्राफीवरून ओळखणं, असा हा विषय. यातला एकेक दोष इतका क्वचित सापडतो की बघणाऱ्याच्या डोक्यात तो आधीपासून नसेल तर स्क्रीनवर असूनही निसटतो. १९७२ साली स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी कवटीचा वरचा भाग न बनलेलं बाळ १७ व्या आठवड्यात सोनोग्राफीवर ओळखलं, तेव्हापासून हे काम खरं सुरू झालं.

मुख्य तपासणी म्हणजे १८ ते २२ आठवड्यांमधला अ‍ॅनॉमली स्कॅन. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असावी लागते, १५ च्या वर गेली तर प्रकरण गंभीर. मेंदूच्या पुढच्या भागात मधोमध एक छोटी चौकोनी पोकळी दिसते, ती दिसली नाही तर दोन अर्धगोलांना जोडणारा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, बनलाय का अशी शंका येते. होलोप्रोसेनसेफलीत मेंदूचा पुढचा भाग दोन भागांत विभागलेलाच नसतो आणि याचा गंभीर प्रकार ११ ते १४ आठवड्यांतही कळू शकतो, कारण तेव्हा निरोगी डोक्यात पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी आकृती असते आणि इथे ते फुलपाखरू नसतंच.

पण मेंदू घडायला वेळ लागतो आणि सगळी अडचण इथेच आहे. २० व्या आठवड्यात प्रत्येक बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीतच असतो, घड्या नंतर पडतात, त्यामुळे घड्याच न पडण्याचा आजार, लिसेनसेफली, त्या वेळी सहसा कळत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. नंतर निदान झालं की आईवडिलांना वाटतं डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं, पण तेव्हा बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. उलटंही होतं, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूचा (सेरेबेलमचा) मधला भाग १८ आठवड्यांपर्यंत पूर्ण बनलेला नसू शकतो, तेव्हा घाईने डँडी-वॉकर, म्हणजे तो भाग नीट न बनण्याचा दोष, असं लिहिलं तर घरात विनाकारण रडारड. अशा वेळी थांबून परत बघणं किंवा बाळाचा एमआरआय करणं बरं.

हातापायांचं गणित वेगळं. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर दहाव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात, म्हणजे दोष लवकर दिसू शकतो, पण बाळ मूठ मिटून बसलं तर वाट बघण्याशिवाय इलाज नाही. फक्त मांडीचं हाड मोजून भागत नाही, चारही हातपायांची सगळी लांब हाडं बघावी लागतात. मनगटाजवळ हात आत वळलेला आणि अंगठ्याकडचं हाड नाही असं दिसलं की पहिला प्रश्न, अंगठा आहे का? टार सिंड्रोममध्ये, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट कमी असण्याच्या आजारात, हाड नसतं पण अंगठा असतो, रक्तपेशी पुरेशा न बनण्याच्या फॅन्कोनी अ‍ॅनिमियात बऱ्याचदा अंगठाही नसतो किंवा अगदी लहान असतो. एवढ्याशा अंगठ्यावरून पुढच्या रक्ततपासण्यांची दिशा बदलते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती डोकं आणि हात एकत्र बघण्याची. घट्ट मिटलेली मूठ, त्यावर चढलेली तर्जनी आणि मेंदूत दोष, असं असेल तर ट्रायसोमी १८ चा, म्हणजे १८ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असण्याचा, विचार होतो आणि गर्भजलाची तपासणी सुचवतात, ती १५ आठवड्यांनंतर करतात. मेकेल-ग्रुबर सिंड्रोममध्ये कवटीच्या मागच्या बाजूने मेंदूची पिशवी बाहेर आलेली, मूत्रपिंडं मोठी आणि गाठींनी भरलेली, हातापायांना सहा बोटं. पण ती मूत्रपिंडं लघवी बनवत नाहीत, म्हणून पुढे गर्भजल आटतं, आणि पाणीच नसलं की बोटं मोजणं फार अवघड होतं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार परत येण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे ज्या घरात तो एकदा झालाय तिथे २० व्या आठवड्याची वाट न बघता पाणी भरपूर असतानाच, १२-१३ व्या आठवड्यात, बोटं मोजून घेतात.