रोबोटिक्स आणि औद्योगिक संघटना (ठाणे–नवी मुंबई)

प्रयोगशाळेत तयार झालेले रोबो-तंत्रज्ञान कारखान्यात रुजावे, यासाठी उद्योजकांच्या संघटना करतात ती मध्यस्थी. संशोधक आणि कारखानदार यांची गाठ घालून देणे, शॉप फ्लोअरवरची, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालते त्या जागेवरची, अडचण संशोधकाला हाताळता येईल अशा प्रश्नात मांडणे, चाचणीचा खर्च वाटून घेणे, सुरक्षा-मानके ठरवताना उद्योगाची बाजू मांडणे आणि कामगारांना तयार करणे ही तिची अंगे. गाठ घालून देणे सर्वांत सोपे असते, प्रश्न नीट मांडणे सर्वांत अवघड.

या कामाचा पाया जपानने घातला. तिथल्या रोबो उत्पादकांची संघटना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभी राहिली. लहान कारखान्यांना रोबो विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून १९८० मध्ये रोबो भाड्याने देणारी ‘जारोल’ ही कंपनी काढण्यात आली. यंत्र उत्तम असूनही ते घेण्याची जोखीम एकट्या छोट्या मालकाला पेलत नाही, हे त्या काळी ओळखले गेले. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघ १९८७ मध्ये स्थापन झाला. जगभरातल्या रोबोंची वार्षिक मोजदाद तो प्रसिद्ध करतो.

मानकांच्या क्षेत्रात संशोधन आणि व्यवसाय सर्वांत जवळ येतात. माणसाच्या शेजारी, सुरक्षा-जाळीशिवाय चालणाऱ्या रोबोचा धक्का किती जोराचा चालेल? जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात स्वयंसेवकांवर दाब देऊन वेदनेची मर्यादा मोजली गेली आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या (आयएसओ) २०१६च्या ‘आयएसओ/टीएस १५०६६’ या दस्तऐवजात शरीराच्या २९ जागांसाठी मर्यादा नोंदवल्या गेल्या. त्यामुळे कारखानदाराला ‘सुरक्षित’ या शब्दाऐवजी मोजता येणारा आकडा मिळाला.

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात या मध्यस्थीला लागणारे सगळे घटक हाकेच्या अंतरावर आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये सुरुवातच वागळे इस्टेटमधून झाली. खाडीपलीकडे दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. पवईला आयआयटी मुंबई आहे आणि तिच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमातून अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तुर्भ्याच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ दुरून हाताळणाऱ्या यांत्रिक हातांवर दीर्घकाळ काम झाले आहे. वागळे इस्टेटमधली लघुउद्योजकांची ‘टिसा’ आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातली उद्योजक संघटना या इथल्या ओळखीच्या संस्था. रस्ते, पाणी, वीज, कर यांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा करणे हे अशा संघटनांचे रोजचे काम. गाळ्यागाळ्यात मालकाला नावानिशी ओळखणारी माणसे त्यांच्याकडे असतात, आणि रोबोटिक्ससाठी हीच खरी पुंजी आहे. कोणत्याही विद्यापीठाकडे ती नसते.

अडचण प्रत्यक्षात कशी दिसते, ते एका साध्या कामावरून कळते. प्रेसमध्ये पत्रा भरायचा आहे. प्रयोगशाळेत सक्शन कप कोरडा, स्वच्छ पत्रा अचूक उचलतो. शॉप फ्लोअरवरच्या पत्र्यावर मात्र तेलाचा थर असतो. त्याने दोन पत्रे एकमेकांना चिकटतात आणि एकाऐवजी दोन उचलले जातात. दोन्ही डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) गेले तर डाय फुटू शकते. अनुभवी ऑपरेटर पत्र्याचा कोपरा अंगठ्याने वाकवून झटकतो आणि वजनावरून दुसरा पत्रा ओळखतो. त्याला ते इतके अंगवळणी पडलेले असते की विचारल्यावरही तो सांगत नाही. कॅमेरा आणि अल्गोरिदम यांवर सहा महिने घालवण्याआधी संशोधकाने हा अंगठा पाहायला हवा. हवेचा झोत, चुंबकाने पत्रे फाकवणे, जाडी तपासणारा सेन्सर हे स्वस्त उपाय मग आपोआप चर्चेत येतात. संघटनेने तज्ज्ञांची व्याख्याने ठेवावीत, पण त्याआधी अशी भेट घडवावी.

खर्चाचा हिशेबही इथे स्पष्ट सांगायला हवा. रोबोचा हात हा खर्चाचा एक भाग. ग्रिपर (पार्ट पकडणारा पंजा), फिक्स्चर (पार्ट जागेवर धरून ठेवणारी चौकट), सुरक्षा-जाळी, प्रोग्रामिंग यांचा खर्च अनेकदा हाताच्या किमतीला गाठतो. शिवाय जॉबवर्क (दुसऱ्यांच्या ऑर्डरचे पार्ट बनवून देण्याचे काम) करणाऱ्याकडे आज शंभर नग, उद्या दुसराच पार्ट, त्यामुळे प्रत्येक बदलाला इंटिग्रेटरला (रोबो बसवून जुळवून देणाऱ्या तंत्रज्ञाला) बोलावणे परवडत नाही. महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा वाहन उद्योगाचा होता. एकच पार्ट वर्षानुवर्षे काढणाऱ्या कारखान्याला ते जमते. छोट्या गाळ्यांसाठी संघटनेने सामायिक चाचणी-कक्ष उभारावा, तिथे सभासदाने स्वतःचा पार्ट आणून चालवून पाहावा आणि त्याच्याच वेल्डरला रोबोचा हात धरून मार्ग शिकवण्याचे प्रशिक्षण मिळावे, ही रचना जास्त उपयोगी ठरते.

एक पेच मात्र उरतो. पार्टचे ड्रॉइंग ग्राहकाचे असते आणि गोपनीयतेच्या करारामुळे कारखानदार ते दाखवू शकत नाही, तर विद्यार्थ्याला प्रबंध प्रसिद्ध करायचा असतो. त्यावर मार्ग असा, की दहा-बारा सभासदांचे सारखे प्रश्न एकत्र करून, कोणाचाही पार्ट न दाखवता, ‘तेलकट पत्रा वेगळा करणे’ एवढाच प्रश्न संघटनेने स्वतःच्या नावावर संशोधकाकडे द्यावा.