मँडरीन ड्रॅगोनेटचे संगोपन (इंदूर)

मँडरीन ड्रॅगोनेट म्हणजेच सिंकिरोपस स्प्लेंडिडस हा प्रवाळखडकांवरचा मासा घरच्या खाऱ्या टाकीत जगवण्याची पद्धत. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पश्चिम पॅसिफिकमध्ये तो आढळतो. १९२७ मध्ये हेरे यांनी फिलिपीन्समधील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लांबी जेमतेम ६-७ सेंमी, अंगभर निळ्या-नारिंगी वळणदार रेघा. बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो. याच्या त्वचेत मात्र खऱ्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी असल्याचे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. अंगावर खवले नाहीत, कडू वासाड बुळबुळीत थर असतो. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याला इतर माशांच्या मानाने कमी होतो. टाकीत हा मरतो तो बहुधा भुकेने.

दिवसभर खडकावरून सरपटत, थांबत, टिपत राहणे हे त्याचे जगणे. भक्ष्य म्हणजे कोपेपॉड व अँफिपॉड हे बारीक कवचधारी जीव (हौशी मंडळी नुसते ‘पॉड’ म्हणतात) आणि बारीक कृमी. कोरडे खाद्य तो सहसा तोंडातही घेत नाही आणि पोट लहान असल्याने सकाळ-संध्याकाळच्या दोन जेवणांवर त्याचे भागत नाही. म्हणून खरे पालन पॉडांचे. मासा त्यावर चरणारा. सुमारे ३०० लिटरची, भरपूर खडकांची टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर मुरू द्यावी. खालच्या वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता ठेवून त्यावर रात्री दिवा लावतात. तिथे मासे पोचत नसल्याने पॉडांची वीण टिकते. शिवाय खिडकीत लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत, हवेच्या नळीवर, हिरव्या सूक्ष्म शैवालाच्या पाण्यात पॉड वाढवता येतात. बरणीला व्हिनेगरचा वास जरी राहिला असेल तरी ती वापरू नये.

टाकी तयार झाली की नाही, याची परीक्षा रात्री. दिवे मालवून तासाभराने काचेवर टॉर्च मारावा; पांढरे ठिपके झटके देत सर्वत्र पळताना दिसले तर मासा आणावा, चार-दोनच दिसले तर थांबावे. मासा विकत घेताना तो समोरून पाहावा: डोक्यामागे पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला आणि पोट आत गेलेले असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. जन्मापासून टाकीत वाढलेले आणि गोठवलेले खाद्य घेणारे मँडरीन आता मिळतात. महाग असले तरी तेच घ्यावेत. चपळ रॅस जातीचे मासे सोबत नकोत, ते याच्या आधी पॉडांचा फडशा पाडतात.

इंदुरात समुद्र नाही आणि नळाला नर्मदा येते, ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उपसलेली. ते पाणी क्लोरीनयुक्त व क्षारयुक्त असते. स्वयंपाकघरातल्या आरओने क्षार कमी होतात पण संपत नाहीत, म्हणून शेवटी डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणतात. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घालून घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची. स्वयंपाकाच्या मिठाने हे जमत नाही. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही. त्यामुळे भर नेहमी गोड्या पाण्याची.

तापमान २४ ते २६ अंश हवे, आणि मे महिन्यात इंदूर ४० च्या पुढे जाते. तेव्हा माळव्याची कोरडी हवा उपयोगी पडते: पाण्यावर साधा पंखा सोडला की टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. हाच पंखा जुलैच्या दमट हवेत जवळपास निकामी ठरतो, मग चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नसतो. वीज गेल्यास हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा.

पाषाणप्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावरून खडक-प्रवाळ उचलून आणण्याचा मोह धरू नये. कोरड्या खडकावर जिवाणू रुजवून टाकी उभी करता येते, फक्त वेळ लागतो. तांब्याची औषधे टाकीत कधीच घालू नयेत, पॉड मरतात.

दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना सोडत नाहीत. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो, त्यावरून ओळख पटते. जोडी चांगली पोसलेली असेल तर दिवे मंदावताना दोघे गालाला गाल लावून पाण्यात वर चढतात आणि अंडी सोडतात. घरच्या टाकीत ती बहुधा गाळणीतच जातात.