वरचे टिंब, खालचे टिंब : विद्यार्थ्यांच्या संगीत-अंकाची पार्श्वभूमी

संगीताला वाहिलेला एखादा अंक काढावा असे महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या मनात आले, की पुण्यात बहुधा दोन ढीग जमतात. कोणीतरी इंग्रजी संगीत-नियतकालिकांची मुखपृष्ठे छापून आणते, आणि कोणाच्या तरी आजीच्या कपाटातून स्वरलिपीची, म्हणजे गाण्याचे स्वर अक्षरांनी आणि खुणांनी लिहून दाखवणारी, पिवळी पडलेली पुस्तके निघतात. पहिल्या ढिगाकडे पाहून अंकाची मांडणी ठरते आणि दुसऱ्यातून ‘एखादा जुना फोटो मिळाला तर पाहू’ एवढीच अपेक्षा असते. हे दोन्ही ढीग कुठून आले, त्यांमागे कोणते वाचक होते आणि विद्यार्थ्यांच्या हातात येईपर्यंत त्यांचे काय काय झाले, याचा मागोवा या टिपणात घेतला आहे.

मुखपृष्ठावर एकाच कलावंताचे मोठे छायाचित्र, वर ठसठशीत नाव, कडेने मथळे, आत अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली मुलाखत, या साच्याला अभ्यासक्रमातल्या स्वाध्यायाचे रूप ब्रिटनमध्ये मिळाले. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यम-अभ्यास विषयात २००८ पासून काही वर्षे विद्यार्थ्यांना नव्या संगीत-मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान तयार करावे लागे. मजकूर आणि छायाचित्रे स्वतःचीच हवीत, आणि छायाचित्रे किमान चार, अशी अट होती. १०० गुणांपैकी ६० गुण प्रत्यक्ष निर्मितीला, २० संशोधन आणि नियोजनाला आणि २० स्वतःच्या कामाच्या परीक्षणाला असत. चार पानांचा तो अंक बाजारात जाणारा नव्हता, पण बाजारातल्या अंकासारखा दिसावा हीच त्याची कसोटी होती, आणि त्यामुळे संशोधन म्हणजे विकल्या जाणाऱ्या मासिकांचे निरीक्षण, असा अर्थ त्यात आपोआप रुजला.

ज्या मासिकांचे निरीक्षण होई त्यांचा जन्म खरोखरच बाजाराजवळ झाला होता. लाइपझिगमध्ये १७९८ साली निघालेल्या संगीत-पत्रामागे ब्राइटकॉप्फ ही स्वरलेखनाच्या प्रती छापून विकणारी पेढी होती. त्याच शहरात १८३४ साली तेवीस वर्षांच्या रॉबर्ट शूमानने आपले स्वतंत्र पत्र काढले, ते मात्र चलती असलेल्या संगीतावर वैतागून. त्यात तो फ्लोरेस्टान आणि युसेबियस अशी दोन कल्पित पात्रे उभी करून त्यांच्या तोंडून भांडत असे. लंडनचे ‘मेलडी मेकर’ १९२६ चे, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने दुकानांत दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या खपल्या याची चौकशी केली आणि ब्रिटनमधली पहिली क्रमवारी छापली. तेव्हापासून कोणता कलावंत मुखपृष्ठावर येणार याचा निर्णय खपाशी बांधला गेला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातली सर्वांत जवळची हकीकत १९६६ सालची आहे. अमेरिकेत स्वार्थमोर महाविद्यालयात शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या पॉल विल्यम्सने ‘क्रॉडॅडी’ नावाचा अंक सुरू केला, तो मिमिओग्राफवर, म्हणजे आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलच्या भावंडावर छापून. रॉक संगीताविषयी गंभीरपणे लिहिता येते हे त्या दहा पानांनी दाखवले, आणि ‘रोलिंग स्टोन’ निघाले ते त्यानंतर, १९६७ च्या नोव्हेंबरात. पुढे १९७६ साली लंडनमध्ये बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीने ‘स्निफिन ग्लू’ हा पंक संगीताचा अंक मार्करने मथळे लिहून आणि झेरॉक्स काढून वाटला. यांतल्या कोणापाशी नीटनेटके मुखपृष्ठ नव्हते. मग विद्यार्थ्यांनी करायच्या अंकाचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांनीच काढलेले अंक सोडून दुकानातले गुळगुळीत अंक का समोर ठेवले गेले, हे मला नीटसे उमगलेले नाही. भारतातही १९९३ साली अलाहाबादमधून निघालेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने महाविद्यालयीन बँडना जागा दिली, ती मोठ्या प्रकाशनगृहांनी त्यांच्याकडे वळून पाहण्याच्या कितीतरी आधी.

आता दुसरा ढीग.

पुण्यात संगीतविषयक छापील मजकुराची सुरुवात खपापासून झाली नाही, सभ्यतेच्या प्रश्नापासून झाली. गाणे हा कुलीन घरातल्या माणसाने करण्याचा उद्योग आहे का, अशी शंका ज्या काळात उघडपणे घेतली जात होती त्या काळात, १८७४ साली, पुणे गायन समाज स्थापन झाला. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे त्याचे चिटणीस. समाजाने जलसे केले, शिकवण्याचे वर्ग काढले, मद्रासला शाखा उघडली, आणि १८८७ साली आपल्या कामाची, पत्रव्यवहाराची आणि संगीतविषयक लेखांची एक इंग्रजी पुस्तिका छापली. ती वाचणाऱ्याला गाणे आवडावे यापेक्षा त्याने गाण्याला मान द्यावा, असा तिचा रोख आहे. याच दरम्यान, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांचे पहिले संगीत नाटक पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाटकगृहाच्या दाराशी पदांच्या पुस्तिका विकल्या जाऊ लागल्या. लोकांनी पैसे मोजून घेतलेला संगीतविषयक छापील मजकूर शोधायचा असेल तर आपल्याकडे तो या पुस्तिकांत सापडतो. एक शतक उलटल्यावर ब्रिटनमधल्या ‘स्मॅश हिट्स’ने गाण्यांचे शब्द छापून जो वाचक मिळवला, तो पदांच्या पुस्तिका घेणाऱ्याचा दूरचा नातलग म्हणता येईल.

नियतकालिके आली ती मात्र गुरूंच्या हातून. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिक चालवले होते. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तिथेच स्वतःचा छापखाना उभारला आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे हिंदी मासिक सुरू केले. हाथरसहून १९३५ पासून निघणारे ‘संगीत’ आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे, स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालेले ‘संगीत कला विहार’ याच वंशातले. बी. आर. देवधरांनी ‘संगीत कला विहार’चे संपादन दीर्घकाळ केले आणि त्यात थोर गायक-वादकांची जी चरित्रचित्रे लिहिली, ती आजही कोणत्याही मुलाखतकाराने अभ्यासावीत अशी आहेत, कारण समोरच्याने काय गायले याबरोबर तो कसा बसला, काय खाल्ले आणि कशावर रुसला हेही देवधर टिपतात. पण या मासिकांचा वाचक मुख्यतः शिकणारा होता. त्याला परीक्षा द्यायची होती, बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, हवी होती, रागाचे चलन समजून घ्यायचे होते.

म्हणून या अंकांत छपाईचा एक असा प्रश्न उभा राहिला जो लंडनच्या संपादकाला कधी पडला नसेल. स्वर देवनागरी अक्षरांत लिहायचे ठरले, पण खुणा दोन पद्धतींच्या झाल्या. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला, पायाशी टिंब असेल तर मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला; कोमल, म्हणजे उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र, म्हणजे चढ्या, मध्यमावर उभी रेघ. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते, डोक्यावरची उभी रेघ तार सप्तक दाखवते आणि कोमल स्वराचा पाय हलन्त चिन्हाने मोडतात. म्हणजे ‘म’वर एक उभी रेघ काढली, तर एका घरात तो तीव्र मध्यम होतो आणि दुसऱ्या घरात तार सप्तकातला शुद्ध मध्यम. पुण्यातल्या घरांतून दोन्ही परंपरांची पुस्तके निघतात, कारण इथे भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आहे तसे विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली सुरू केलेले गांधर्व महाविद्यालयही आहे, आणि भातखंड्यांचे मराठीतले ग्रंथ तर गाणे शिकणाऱ्या कोणाच्याही कपाटात असत. एकाच पानावर दोन पुस्तकांतून उतरवलेल्या दोन बंदिशी छापणाऱ्या संपादकाने आधी लिपी एक करून घेतली नाही, तर गाणारा वाचक भलत्याच सप्तकात जातो.

खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याने ही टिंबे आणि रेघा हाताने बसवल्या. डोक्यावरच्या टिंबासाठी अनुस्वार वापरण्याची सोय होती, म्हणून तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ‘सां’ असा दिसू लागला आणि गाण्याशी संबंध नसलेला माणूस तो ‘सां’ असाच उच्चारू लागला. पायाशी टिंब देणे अधिक कटकटीचे. संगणक आल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. माझा स्वतःचा अनुभव उलटा आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी आम्ही केलेल्या एका अंकात बंदिशीचे पान डीटीपीवाल्याकडून छापखान्यात गेले, तिथे फॉन्ट बदलला आणि मंद्र सप्तकातली सगळी टिंबे नाहीशी झाली. प्रूफ वाचणाऱ्याला गाण्यातले काही कळत नव्हते, त्यामुळे मजकुरात एकही चूक नाही असा शेरा मारून त्याने पान परत पाठवले. शेवटी तीनशे प्रतींवर काळ्या शाईच्या पेनाने टिंबे दिली. प्रत्येक प्रतीत एकोणीस.

शिकणाऱ्यासाठी निघालेल्या मासिकांच्या बाहेर ऐकणाऱ्यासाठी लिहिणारेही होते, पण त्यांना जागा मिळाली ती साप्ताहिकांत, दैनिकांत आणि दिवाळी अंकांत. केशवराव भोळे यांनी टोपणनावांनी लिहिलेली संगीत-समीक्षा हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या या माणसाने गवयांच्या आवाजाचे, ताना घेण्याच्या सवयींचे आणि मैफिलीतल्या लकबींचे इतके नेमके वर्णन केले की तोवरची ‘बुवांनी बहार उडवून दिली’ या छापाची वृत्ते फिकी पडली. टोपणनाव घेऊन लिहिण्याची गरज शूमानला लाइपझिगमध्ये भासली तशी ती इथेही भासली, आणि पुण्यासारख्या शहरात, जिथे समीक्षक आणि गवई एकाच मंडईत भाजी घेतात, तिथे ती अधिकच भासली असणार. १९५३ साली दोन गोष्टी घडल्या, पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि या दोहोंनी मिळून हजारोंचा असा श्रोतृवर्ग तयार केला की ज्याला स्वरलिपी येत नव्हती, पण मत ठामपणे होते. या श्रोत्यासाठी स्वतंत्र संगीत-मासिक मराठीत फारसे रुजले नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला वृत्तान्त आणि चहाच्या टपरीवरची चर्चा यांवर त्याचे भागत आले आहे.

विद्यार्थ्यांचे अंक यांच्या कडेने चालत आले. हस्तलिखित अंक ही मराठी शाळा-महाविद्यालयांची जुनी रीत: एकच प्रत, वळणदार अक्षर असलेल्या मुलीकडे लेखन, चित्रकला येणाऱ्याकडे मुखपृष्ठ, आणि मग वर्षभर ती प्रत हातोहात फिरून कडा दुमडलेल्या अवस्थेत ग्रंथालयात जमा. त्यात स्वरलिपीची अडचण कधी आली नाही, हाताने टिंब कुठेही देता येते. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांनी, म्हणजे ठरावीक मुदतीविना निघणाऱ्या छोट्या अंकांनी, सायक्लोस्टाइलवर काय करता येते हे दाखवले, पण त्यांचा जीव कवितेत होता. वार्षिक अंकांतून संगीताला सहसा एखादा श्रद्धांजलीपर लेख आणि स्नेहसंमेलनातल्या गायनस्पर्धेचा निकाल यापलीकडे जागा मिळाली नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर नियोजनातला पहिला प्रश्न मुखपृष्ठाचा उरत नाही. अंक शिकणाऱ्यासाठी आहे की ऐकणाऱ्यासाठी, हे ठरल्याखेरीज बाकीचे ठरवता येत नाही: बंदिशीचे पान ठेवायचे की मैफिलीचा वृत्तान्त, मुलाखतीत रियाज विचारायचा की कारकीर्द. संशोधनासाठी पुण्याइतके सोयीचे गाव विरळा. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जपल्या आहेत, आणि पदांच्या पुस्तिकांचा धागा तिथे पुढे सापडतो. जुन्या नियतकालिकांसाठी पुणे मराठी ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात चौकशी करावी. विद्यापीठाच्याच ललित कला केंद्रात गाणे शिकणारे समवयस्क भेटतात, आणि ब्रिटिश साच्यात नसलेली सोय म्हणजे प्रूफ वाचायला गाणारा माणूस तिथे मिळू शकतो.

गाण्याचे शब्द छापताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यांची पदे कोणीही छापावीत, ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यामुळे त्यांचे अख्खे गीत २०३७ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाही. अंक नियमितपणे काढायचा असेल तर नोंदणीचा प्रश्न येतो. त्याबाबतचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला आहे, तेव्हा जुन्या अंकांतली मुद्रक-प्रकाशकाची ओळ तशीच उतरवून भागणार नाही.

उरते ती डमी, म्हणजे छपाईआधीचा अंकाचा कच्चा नमुना. मध्ये पिन मारायच्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत असावी लागते आणि मुखपृष्ठाच्या चार बाजू वेगळ्या धराव्या लागतात. कोरे कागद दुमडून, त्यांवर पेन्सिलीने पानांचे क्रमांक टाकून, मधल्या जोडपानावर काय येणार ते आधी लिहावे, कारण अंक हातात घेतल्यावर तो आपोआप तिथेच उघडतो. बंदिश छापायची असेल तर ती तिथे घ्यावी आणि पानाच्या तळाशी, बारीक टाइपात का होईना, कोणत्या पद्धतीची लिपी वापरली आहे ते सांगणारी ओळ द्यावी.