इओसिनोफिलचा आकडा : फुफ्फुसांच्या जुनाट आजारांतील दाहपेशींचा इतिहास

सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड द्यावे की नाही, हे ठरवताना छातीविकारतज्ज्ञ आता रक्ततपासणीच्या अहवालातील एका साध्या आकड्याकडे पाहतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३०० किंवा त्याहून अधिक असतील, तर वारंवार बळावणाऱ्या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता बरीच असते. त्या १०० पेक्षा कमी असतील, तर उपयोग फारसा होत नाही आणि न्यूमोनियाचा धोका मात्र मागे लागतो. ‘गोल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक अहवालात हे निकष २०१९ मध्ये आले. ज्या पेशीकडे डॉक्टर दीर्घकाळ केवळ दम्याची एक खूण म्हणून पाहत होते, तिच्या मोजणीवर औषध ठरू लागले ते फार उशिरा, आणि मधल्या काळात ही कल्पना एक-दोनदा मोडीत निघण्याच्या बेतात होती.

पेशी ओळखू आली ती रंगामुळे. डांबरापासून नव्याने तयार होऊ लागलेल्या कृत्रिम रंगांनी रक्ताचे नमुने रंगवून पाहणाऱ्या पॉल एरलिख यांना १८७९ मध्ये असे दिसले, की काही पांढऱ्या पेशींतील कण इओसिन हा गुलाबी-तांबडा रंग नेमका धरून ठेवतात. ‘इओस’ म्हणजे ग्रीक भाषेत पहाट. त्यावरून रंगाचे आणि रंगावरून पेशीचे नाव पडले. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीचे नावही रंगांच्या याच वर्गीकरणातले आहे. पेशीचे काम काय, हे मात्र अशा नावांवरून कळत नाही. गंमत अशी, की दम्याशी असलेला तिचा संबंध तिला नाव मिळण्याआधीच नकळत नोंदला गेला होता. जर्मनीत अर्न्स्ट फॉन लायडन यांना १८७२ मध्ये दमेकऱ्यांच्या बेडक्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेले स्फटिक आढळले. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८५३ मध्ये तसेच स्फटिक पाहिले होते. हे स्फटिक श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला टोचत असावेत आणि त्यातून दम्याचा झटका येत असावा, असा तर्क लायडन यांनी मांडला. पुढे हे स्फटिक म्हणजे फुटलेल्या इओसिनोफिलमधून बाहेर पडलेले प्रथिन आहे असे कळले आणि तो तर्क मागे पडला. २०१९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत हे स्फटिक स्वतःच दाह चेतवतात असे दाखवले, तेव्हा लायडन अगदीच चुकले नव्हते हे मान्य करावे लागले.

भारतात ही पेशी चर्चेत आली ती वेगळ्या वाटेने. आजच्या आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम येथील क्षयरोग आरोग्यधामात काही रुग्ण असे येत, की त्यांचा खोकला, बारीक ताप, घटलेले वजन आणि एक्स-रेमधील ठिपके हे सारे क्षयासारखे असे. पण थुंकीत जंतू सापडत नसत आणि रक्तात इओसिनोफिल प्रचंड वाढलेले असत. तेथील डॅनिश डॉक्टर फ्रिमोट-मोलर यांनी बार्टन यांच्यासह १९४० मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये या रुग्णांची नोंद केली आणि या अवस्थेला क्षयाचा आभास म्हटले. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ८१ रुग्णांचे वर्णन करून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ केले. त्या काळी आर्सेनिकयुक्त औषधाने गुण येत असे, पण कारण ठाऊक नव्हते. वेल्लोर येथे वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी १९६० मध्ये रुग्णांच्या फुफ्फुसांत, यकृतात आणि लसिका-गाठींत हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले दाखवून दिली. ही पिल्ले रक्तात सापडत नाहीत, कारण अतिसंवेदनशील झालेले शरीर त्यांना फुफ्फुसांतच अडवून मारते, आणि त्या झटापटीत इओसिनोफिल फुफ्फुसांनाच इजा करतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या डीईसीच्या गोळ्या याच आजारावरचे औषध ठरल्या. ‘त्याला इओसिनोफिलिया झालाय’ असे आपल्याकडे घरोघरी एखाद्या रोगाचे नाव घ्यावे तसे म्हटले जाते, त्याचे मूळ बहुधा याच इतिहासात असावे. वास्तविक इओसिनोफिलिया हे लक्षण आहे, रोग नव्हे.

या आजाराने एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातील व्ही. के. विजयन यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर १९८० च्या दशकात फुफ्फुसांत सलाइन सोडून ते परत खेचून घेतले आणि त्यातील पेशी मोजल्या. निरोगी माणसात या पाण्यात इओसिनोफिल जवळजवळ नसतातच. या रुग्णांत ते मोठ्या संख्येने होते आणि औषधानंतर झपाट्याने उतरले. मात्र काही रुग्णांत उपचारानंतरही दाह धुमसत राहिला आणि फुफ्फुसांचे कार्य पूर्ववत झाले नाही, असे १९९० च्या अभ्यासात दिसून आले. मूळ कारण गेले तरी पेशी मागे रेंगाळू शकतात, आणि आजार जुनाट होतो तो अशा रेंगाळण्यातून.

दम्याच्या बाबतीत निर्णायक निरीक्षण इंग्लंडमधील डर्बी येथे हॅरी मॉरो ब्राउन यांनी केले. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९५६ मधील चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा उपयोग बेताचाच आढळला होता. मॉरो ब्राउन रुग्णांचा बेडका स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेत त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडते आणि ज्यांच्यात नाहीत त्यांना पडत नाही, हे त्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच चाचणीत मिसळले, की सरासरी निष्प्रभ दिसणारच. इतके साधे आणि उपयोगी निरीक्षण पुढे तीस-चाळीस वर्षे जवळपास बाजूला पडून राहिले, कारण प्रत्येक रुग्णाचा बेडका तपासण्याइतका वेळ आणि चिकाटी फार थोड्या दवाखान्यांत होती.

दरम्यान फुफ्फुसांच्या नुकसानीसाठी न्यूट्रोफिलवर संशय आला तो स्वीडनमधून. माल्मो येथे लॉरेल आणि एरिक्सन यांना १९६३ मध्ये सुमारे १५०० रक्तनमुन्यांपैकी पाचांत अल्फा-१ हा प्रथिनांचा पट्टाच गायब दिसला, आणि त्या पाचांपैकी तिघांना एम्फिसीमा (फुफ्फुसांतील वायुकोश फाटण्याचा आजार) होता. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल ग्रॉस यांनी उंदरांच्या फुफ्फुसांत पपईच्या चिकातील पपेन हे विकर (एन्झाइम) सोडून एम्फिसीमा घडवून आणला. दोन्ही धागे जुळले तेव्हा चित्र असे तयार झाले, की न्यूट्रोफिलमधील इलास्टेज हे विकर फुफ्फुसांचे लवचिक तंतू कुरतडते, रक्तातील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन त्याला आवर घालते आणि हा तोल ढळला की वायुकोश फाटतात. धूम्रपानाने हा तोल दोन्ही बाजूंनी ढळतो. तरीही न्यूट्रोफिलला रोखणारे सोयीचे औषध बराच काळ हाती आले नाही. स्टेरॉइडने तर या पेशी उलट अधिक काळ जगतात. पुढे सीओपीडीच्या ऊतींत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या इतर संरक्षक पेशीही सापडत गेल्या. हॉग यांच्या गटाने २००४ मध्ये १५९ रुग्णांच्या फुफ्फुसांतील बारीक श्वासनलिका तपासल्या, तेव्हा आजाराच्या तीव्रतेबरोबर त्यांच्या भिंतीतील पेशींचा जमाव आणि जाडी वाढलेली दिसली.

मोजणी सोपी झाली ती कॅनडातील हॅमिल्टन येथे. खारट पाण्याची वाफ देऊन बेडका काढण्याची रीत हारग्रीव्ह यांच्या गटाने १९९२ मध्ये बसवली. २००२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे ७४ दमेकऱ्यांवर चाचणी झाली. एका गटाचे स्टेरॉइड नेहमीप्रमाणे लक्षणांवरून ठरवले गेले आणि दुसऱ्याचे बेडक्यातील इओसिनोफिल मोजून. वर्षभरात पहिल्या गटात तीव्र झटके १०९ आले, दुसऱ्यात ३५.

इतके असूनही इओसिनोफिल खरोखर दोषी आहे की केवळ साक्षीदार, हा प्रश्न मिटला नव्हता. या पेशींना वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ या संदेशक प्रथिनाला अडवणारे औषध २००० मध्ये तपासले गेले, तेव्हा रक्तातील इओसिनोफिल घसरले, पण दम्याच्या प्रतिक्रियेवर परिणाम दिसला नाही, आणि अनेकांनी या पेशीवरचा आरोप मागे घेतला. मला वाटते, येथे मॉरो ब्राउन यांच्या काळातलीच चूक पुन्हा झाली होती. २००९ मध्ये लेस्टर आणि हॅमिल्टन येथे फक्त इओसिनोफिल वाढलेलेच रुग्ण निवडून हेच औषध दिले गेले आणि झटके लक्षणीय कमी झाले. मेपोलिझुमॅब या नावाने त्याला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. इओसिनोफिल वाढलेल्या सीओपीडीसाठी डुपिलुमॅबला २०२४ मध्ये, आणि न्यूट्रोफिलची विकरे अस्थिमज्जेतच निष्क्रिय ठेवणाऱ्या ब्रेन्सोकॅटिबला ब्राँकिएक्टॅसिससाठी (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजारासाठी) २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात हा आकडा वाचताना काही अडचणी येतात. आपल्याकडील सीओपीडीचे अनेक रुग्ण धूम्रपान न करणारे आहेत; चुलीच्या धुराचा त्यातील वाटा पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दुसरी अडचण म्हणजे कृमी. जंतांमुळेही इओसिनोफिल वाढतात, त्यामुळे ३०० ही संख्या येथे फुफ्फुसांविषयीच काही सांगते असे गृहीत धरता येत नाही. शिवाय अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांत इओसिनोफिल टक्क्यांत लिहिलेले असतात. एकूण पांढऱ्या पेशी ७,००० असताना चार टक्के म्हणजे २८०, आणि ११,००० असताना तेच चार टक्के म्हणजे ४४०. शिवाय रुग्णाने आधीच्या काही दिवसांत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर हा आकडा शून्याजवळही येऊ शकतो.