नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग: एक रेघ आणि फुली

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत ही दोन चिन्हं हमखास येतात. माणसं उत्तर बरोबर देतात, पास होतात आणि रस्त्यावर आल्यावर दोन्ही पाट्या एकच समजून गाडी चालवतात. निळी गोल पाटी, तांबडी कड आणि तिच्यावर एकच तिरकी तांबडी रेघ असेल तर नो पार्किंग. त्याच पाटीवर दोन रेघांची फुली असेल तर नो स्टॉपिंग. भारतातच नव्हे, १९६८ च्या व्हिएन्ना कराराची चिन्हं वापरणाऱ्या युरोपातल्या देशांतही हीच जोडी दिसते. चिन्ह ओळखण्यात कुणी अडखळत नाही. घोळ आहे तो त्यांच्या अर्थात.

बाकीच्या पाट्यांची उजळणी दोन ओळींत होते. त्रिकोण सावध करतो, तांबड्या कडेचं वर्तुळ मनाई करतं, पूर्ण निळं वर्तुळ सक्ती करतं, निळा चौकोन माहिती देतो. त्यामुळे तांबड्या कडेतला ३० म्हणजे त्याहून जोरात जाऊ नका आणि निळ्या वर्तुळातला ३० म्हणजे त्याहून हळू जाऊ नका. आपल्या दोन पाट्यांचा आतला रंग निळा असला तरी कड तांबडी आहे, तेव्हा त्या मनाईच्याच. निळ्या चौकोनातला इंग्रजी ‘पी’ मात्र गाडी लावायची परवानगी देतो. एवढं आलं की पुढे जाऊ.

आता खरा घोळ. ‘मी गाडीतच बसलोय, म्हणजे हे पार्किंग नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते चूक आहे. चालक सीटवर आहे का, इंजिन चालू आहे का, काच खाली आहे का, यांतल्या कशावरही पार्किंग ठरत नाही. गाडी कशासाठी उभी आहे यावर ते ठरतं. माणूस किंवा सामान लगेच चढवायला किंवा उतरवायला गाडी थांबली आणि काम होताच निघाली, तर ते थांबणं. याखेरीज दुसऱ्या कशासाठी तिष्ठत उभी राहिली, तर ते पार्किंग. मग चालक स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असो की हॉटेलात चहा पीत असो.

हॉस्पिटलच्या दारासमोरचं उदाहरण घ्या. पाटीवर एक रेघ आहे. तुम्ही आईला घेऊन आलात, दार उघडलंत, हात धरून उतरवलंत, काठी हातात दिलीत, फाइलची पिशवी दिलीत आणि गाडी काढलीत. आईला गुडघ्यांमुळे उतरायला थोडा वेळ लागला तरी हे चालतं, कारण सगळा वेळ उतरण्यातच गेला. आता तीच गाडी, तीच जागा. आई आत जाऊन औषधं घेऊन येणार आहे आणि तुम्ही ‘येईलच आता’ म्हणून गाडीत बसून आहात. हे पार्किंग झालं. ती अगदी लवकर परत आली तरी झालं, कारण चढणारं माणूस तिथे हजर नव्हतं आणि तुम्ही वाट पाहत होतात.

स्टेशनबाहेर हेच रोज दिसतं. पाहुण्यांची गाडी अजून कल्याणला आहे आणि न्यायला आलेली मोटार दादरला एका रेघेच्या पाटीखाली उभी. शाळेच्या फाटकापाशीही तेच. सकाळी मूल उतरवून निघून जाणारे पालक नियमात बसतात. दुपारी घंटा व्हायच्या आधी येऊन, गाडीत एसी लावून, फोन बघत बसलेले पालक बसत नाहीत. त्यांच्या रांगेमुळे शाळेची बस रस्त्याच्या मध्ये थांबते आणि पोरांना चालत्या रहदारीत उतरावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण हे करणारे सगळे आपापल्या मुलांच्या काळजीनेच तिथे आलेले असतात.

चारी इंडिकेटर लावण्याचा प्रकारही याच समजातून आला आहे. ते दिवे मागच्याला ‘इथे काही अडचण आहे’ असं सांगण्यासाठी असतात. पाव-भाजी पार्सल घेईपर्यंत ते लुकलुकत ठेवल्याने नो पार्किंगची जागा पार्किंगची होत नाही. उलट खरोखर बंद पडलेली गाडी आणि पार्सलवाली गाडी यांतला फरक मागच्याला कळेनासा होतो.

‘आत माणूस असला की काही करता येत नाही’ या समजाला एका घटनेने बळ मिळालं असं मला वाटतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला आत आई आणि तान्हं बाळ असताना वाहतूक पोलिसांनी गाडी टो केली. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि संबंधित हवालदाराला निलंबित करण्यात आलं. माणूस आत असताना गाडी ओढून नेणं धोक्याचं आहे, ते होताच कामा नये. पण लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला: आत कुणी बसलं असेल तर दंडही नाही. टोइंग आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी जागची हलली नाही तरी चलन फाडता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. आता फोटो काढून ई-चलन येतं, त्यामुळे ‘साहेब, निघतोच आहे’ म्हणायला समोर साहेबही नसतो.

फुलीच्या पाटीखाली तर ही सगळी चर्चाच संपते. तिथे उतरवणं नाही, चढवणं नाही, दार उघडणं नाही, फोन घ्यायला बाजूला घेणं नाही. सिग्नल लागला, पोलिसाने हात केला, पुढे गाड्या तुंबल्या किंवा गाडी बंद पडली, तरच चाकं थांबायची. स्वतःच्या इच्छेने थांबायचंच नाही. हॉस्पिटलच्या दारातली आई इथे उतरू शकत नाही. तिला पुढे, फुलीची हद्द संपल्यावर उतरवायचं.

हे कठोर वाटत असेल तर ही पाटी कुठे लावतात ते पाहा. पुलावर, बोगद्यात, उड्डाणपुलाच्या तोंडाशी, अरुंद चौकात, म्हणजे जिथे मागून येणाऱ्याला तुम्ही थांबला आहात हे उशिरा दिसतं किंवा दिसलं तरी बाजूने जायला जागा नसते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि पहिल्याच दिवसांत लोक कठड्याला गाड्या लावून सेल्फी काढू लागले. पोलिसांना दंड करावा लागला. तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. मागच्या चालकाला ‘ही गाडी चालत नाहीये’ हे उमजायला दीड सेकंद लागला, तर ब्रेकवर पाय पडायच्या आधीच तो चाळीसेक मीटर जवळ आलेला असतो. ‘एकच फोटो’ काढणारा माणूस त्याच पट्ट्यात दार उघडून उभा असतो.

यात प्रवाशांचाही दोष आहे, तो सहसा कुणी बोलत नाही. ॲपवर टॅक्सी बोलावताना पिन नेमकी फुलीच्या पाटीखाली टाकायची, मग चालक पुढे जाऊन थांबला की त्याच्यावरच ओरडायचं. रिक्षालाही हात करतो तो चौकाच्या वळणावरच. चालक थांबला तर चलन त्याच्या नावावर, नाही थांबला तर रेटिंग कमी. आपणच चार पावलं चालून फुलीच्या पुढे जावं, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

पाटीखालची छोटी पट्टीही वाचायची असते. तिच्यावरचे बाण मनाई कुठल्या दिशेला लागू आहे ते सांगतात आणि वेळ लिहिली असेल तर मनाई तेवढ्याच वेळेपुरती. पुण्यात पी-१ आणि पी-२ च्या पाट्या आहेत, त्या वेगळ्या. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. रात्री लावलेली गाडी बारा वाजल्यावर चुकीच्या बाजूला जाते, हे लक्षात ठेवा. अपवाद ३१ तारखेच्या रात्रीचा: ३१ आणि १ या दोन्ही विषम, म्हणून त्या रात्री बाजू बदलत नाही.

दुकानांबाहेर आणि सोसायट्यांच्या फाटकावर टांगलेले ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ हे पत्रे मात्र वाहतुकीची चिन्हं नव्हेत. रस्त्यावर चिन्ह लावायचा अधिकार सरकारचा आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेचा. सार्वजनिक रस्ता आपल्या दुकानापुरता राखून ठेवायला कुणी स्वतःची पाटी रंगवून आणली, तर तिला कायद्याचं बळ नसतं आणि दुसऱ्याच्या चाकातली हवा सोडायचा हक्क तर कुणालाच नाही. या पत्र्यांमुळे खऱ्या पाटीचीही किंमत जाते. गल्लीत दर दहा पावलांवर नो पार्किंग लिहिलेलं असेल, तर त्यातली महापालिकेची पाटी कोण गंभीरपणे घेईल?

पण याची दुसरी बाजूही आहे. फाटकावर पाटी नसली तरी कुणाचं येण्याजाण्याचं तोंड अडवून गाडी लावायला मनाईच आहे. फुटपाथ, चौकाच्या जवळची जागा, वळण, चढाचा माथा, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, अग्निशामक दलाचा नळ, आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग, या सगळ्या ठिकाणी एकही पाटी नसली तरी पार्किंग बेकायदा आहे. ‘पण बोर्ड कुठे होता?’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.